बॉल यायच्या आधीच अडवायचा असतो

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही राहतो ते इंग्लंडातलं छोटंसं गाव, तिथल्या हॉकी क्लबात मंगळवारी संध्याकाळी पोरींचं ट्रेनिंग असतं, थंडी अशी की चहा तोंडाला लावेपर्यंत गार, आणि त्या दिवशी नेमकी त्यांची गोलकीपर आली नव्हती. कोचने विचारलं कोण उभं राहतंय, तर सगळ्या पोरी आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या. आमच्या बाईसाहेबांनी हात वर केला. वय वर्षं अकरा. कीपरच्या किटची ती भली मोठी चाकांची बॅग उघडल्यावर जो वास आला तो काय सांगू, पावसाळ्यात आठवडाभर न वाळलेली सतरंजी आठवा आणि दोनने गुणा.

तर पायाला फोमचे जाड पॅड, बुटांवर किकर, छातीला, गळ्याला, हाताला सगळीकडे काहीतरी बांधलेलं, वर हेल्मेट, अशी ती उशांच्या ढिगासारखी गोलमध्ये उभी राहिली. पहिला बॉल आला, तिने घाबरून नुसता पाय पुढे केला, ‘ठप्प’ असा आवाज झाला आणि बॉल पार डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर. लाथ मारलीच नव्हती तिने. मी बाजूला उभा राहून विचार करतोय, एवढा जाड पॅड, बॉल त्यात रुतून तिथल्या तिथे पडायला हवा ना, गादीवर टाकल्यासारखा. हा उलटा उडाला कसा?

मग मी वाचत सुटलो, आणि हे कीपर लोक काय करतात ते जसं कळत गेलं तसा ‘काय रिफ्लेक्सेस आहेत यार’ हे वाक्य मी टीव्हीसमोर म्हणायचं सोडून दिलं.

आधी पॅडचं सांगतो. पूर्वी हॉकी कीपरचे पॅड म्हणजे क्रिकेटच्या पॅडचे थोरले भाऊ, आत वेताच्या कांब्या आणि कापूस, वरून कॅनव्हास किंवा चामडं. बॉल आदळला की कापूस दबायचा, कांब्या वाकायच्या, जोर तिथेच जिरायचा आणि बॉल पायाशी पडायचा. ऐकायला छान वाटतं, पण कीपरच्या पायाशी पडलेला बॉल म्हणजे समोरच्या फॉरवर्डला आयतं वाढलेलं ताट. मग फोमचे पॅड आले. त्यातली आज सगळीकडे दिसणारी ओबो ही कंपनी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ नावाच्या गावातली. हा फोम म्हणजे बंद कप्प्यांचा, आत असंख्य बारीक बुडबुडे, प्रत्येक बुडबुडा सीलबंद. बॉल आदळला की बुडबुडे दबतात पण आतल्या हवेला बाहेर जायला वाटच नाही, त्यामुळे ते लगेच परत फुगतात आणि बॉलला मागे ढकलतात. थोडा जोर फोममध्ये जिरतो, उरलेला पायाच्या मोठ्या भागावर पसरतो म्हणून हाड वाचतं, पण बराचसा जोर बॉलला परत मिळतो. आपला सोफ्याचा स्पंज उघड्या कप्प्यांचा असतो, दाबला की हवा फुस्स करून निघून जाते, म्हणून त्यावर बॉल मरतो. मी डोक्यात सोफा धरून बसलो होतो, तिथेच चुकलं.

यामुळे कीपिंगच बदललं. बॉल थांबवा आणि मग लाथेने काढा, हे दोन टप्पे होते, त्याचा एकच टप्पा झाला. आता कीपर पाय कुठल्या कोनात धरायचा एवढंच ठरवतो, बॉल ज्या कोनात येईल साधारण त्याच कोनात पलीकडे जातो, आरशावरच्या उजेडासारखा, आणि तो साइडलाइनकडे गेला की काम झालं. सरळ पुढे गेला तर मात्र परत फॉरवर्डच्याच स्टिकवर. आता कोणी म्हणेल मग दरवाजाएवढे पॅड का नाही घालत, तर नियम आहे, एका पायाचा पॅड जास्तीत जास्त ३०० मिलिमीटर रुंद.

आता वेळेचा हिशोब. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे अगदी क्रिकेटच्या बॉलएवढा, आणि हा योगायोग नाहीये. १८७० च्या दशकात लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात काहीतरी खेळायचं म्हणून हॉकी धरली आणि बॉल आपलाच वापरला. त्यामुळे लेदर बॉल अंगावर घेतलेल्या कुणालाही हॉकी कीपरचं दुःख वेगळं समजवायला नको. टॉप लेव्हलचा ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत आणून भिरकावायचा फटका, ताशी ११० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. डीची रेघ गोलपासून १४.६३ मीटरवर, फ्लिकर बॉल ओढत आत येतो, त्यामुळे बॉल सुटतो तो साधारण १३ मीटरवरून. भागाकार करा, ०.४३ सेकंद. त्यातले ०.२ सेकंद तर डोळ्यांनी दिसलेलं मेंदूला कळून स्नायू हलायला लागेपर्यंतच जातात, आणि डावीकडे का उजवीकडे, वर का खाली असं निवडायचं असेल तर आणखी जास्त. उरले ०.२ सेकंद, कदाचित त्याहून कमीच. एवढ्यात ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोल झाकायचा, तोही ते सगळं गाठोडं अंगावर घेऊन. निव्वळ रिफ्लेक्सवर हे जमत नाही, गणितच बसत नाही.

म्हणजे कीपरला वेळ कुठून तरी चोरावा लागतो, आणि चोरायच्या जागा दोनच, एक तर गोल लहान करायचा नाहीतर बॉल सुटायच्या आधीच सुरुवात करायची.

गोल लहान करायचा म्हणजे पुढे यायचं. समजा शूटर समोर १२ मीटरवर आहे, कीपर रेषेवर उभा राहिला तर त्याला ३.६६ मीटर झाकायचंय, तीन मीटर पुढे आला तर साधारण २.७५. पण या तीन मीटरची किंमत वेळेत मोजावी लागते, ३० मीटरच्या वेगाला दहावा हिस्सा सेकंद कमी, आणि आपल्याकडे होताच मुळात किती! शिवाय पुढे आलात आणि समोरच्याने पास दिला की मागे सगळा मोकळा गोल. त्यामुळे किती पुढे यायचं हे प्रत्येक कीपरचं आपापलं ठरलेलं असतं, आणि पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्यांना डीजवळून मिळणाऱ्या फटक्याला, एक डिफेंडर पोस्टजवळ ठेवून तेवढी पट्टी त्याच्या गळ्यात मारतात, ती तुझी, बाकीची माझी.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे ‘लॉग’. लॉग म्हणजे ओंडका. पेनल्टी कॉर्नरला पहिला फटका जर सरळ हिट असेल तर नियमाप्रमाणे बॉल गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर असून चालत नाही, म्हणजे गोलच्या आत जी फळी असते तिच्या उंचीएवढाच. आता कीपरांनी काय डोकं लावलं बघा, बॉल जर गुडघ्याच्याच उंचीवर येणार असेल तर उभं कशाला राहायचं? चार पावलं पुढे धावायचं आणि चक्क आडवं पडायचं, एका बाजूला पॅड घातलेले पाय, दुसऱ्या बाजूला लांब केलेले हात आणि त्यापुढे स्टिक, झाली भिंत. बॉल सुटायच्या आधीच कीपर जमिनीवर, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा प्रश्नच मिटवला. मला हे भारी वाटतं, नियमातली एक उंची वाचून कुणीतरी खेळायची पद्धतच शोधून काढली. मग ड्रॅग फ्लिक आला, तो हिट नाही, त्याला उंचीची ही अट लागू नाही, बॉल थेट वरच्या कोपऱ्यात, आणि आडवा पडलेला कीपर नुसता बघत राहिला. तेव्हापासून फ्लिकरसमोर उभंच राहावं लागतं, आणि कीपरला बॉल सुटायच्या आधी ओळखावं लागतं की हा हिट मारणार का फ्लिक.

आणि हे ओळखणं हाच खरा मामला आहे. फ्लिकर बॉल ओढतो तेव्हा आधी पुढचा पाय रोवतो, मग कंबर फिरते, मग खांदे, शेवटी मनगट आणि स्टिक, चाबूक मारल्यासारखं मोठ्या भागाकडून लहान भागाकडे. जे आधी हलतं ते आधी बातमी देतं. पाय कुठे रोवला, खांदा किती वळला, यातून अनुभवी कीपरला दिशेचा अंदाज बॉल सुटायच्या आधीच यायला लागतो आणि त्याचं वजन त्या पायावर गेलेलं असतं. चांगला फ्लिकर अर्थातच हे जाणून असतो आणि शेवटच्या क्षणी मनगटाने फसवतो. आइस हॉकीच्या गोलकीपरांच्या नजरेचा अभ्यास डेरेक पॅनचक आणि जोन विकर्स यांनी २००६ मध्ये केला होता, त्यात दिसलं की बॉल अडवायचा, म्हणजे त्यांच्या खेळात चकती, तर नजर फटका बसायच्या आधीच चकती आणि स्टिकवर जाऊन स्थिर व्हावी लागते, भिरभिरून चालत नाही. आपल्याला वाटतं त्यांचे डोळे फार जोरात फिरत असतील. उलटंच आहे.

आता मॅडी हिंच, ब्रिटनची गोलकीपर. इंग्लंडच्या ससेक्सची पोरगी, शाळेत राउंडर्स खेळताना, राउंडर्स म्हणजे इथला बेसबॉलचा चुलतभाऊ, सारखी जमिनीवर उड्या घेत होती ते शिक्षकांनी पाहिलं आणि गोलमध्ये उभं केलं. १९ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिकची फायनल, ब्रिटन विरुद्ध सलग तिसऱ्या गोल्डसाठी आलेलं नेदरलँड्स. मॅच ३-३, मग शूटआउट. हॉकीचं शूटआउट फुटबॉलसारखं नसतं, बॉल २३ मीटरच्या रेषेवर, कीपर गोलरेषेवर, शिट्टी वाजली की दोघंही सुटतात आणि अटॅकरकडे फक्त ८ सेकंद. हिंचने डच पोरींचे चारही प्रयत्न हाणून पाडले, ब्रिटन २-० ने जिंकलं, पहिल्यांदा महिला हॉकीचं गोल्ड. आणि मधल्या वेळात ती काय करत होती, तर एका वहीत बघत होती. कोण कुठल्या बाजूला वळते, कोण स्टिक उलटी करून रिव्हर्सवर जाते, सगळं तिने आधी लिहून ठेवलेलं. टोकियोत क्वार्टर फायनलला स्पेनविरुद्ध पुन्हा तेच, २-२, शूटआउट, चार प्रयत्न, शून्य गोल.

इथे घड्याळ उलटं झालंय हे लक्षात घ्या. फ्लिकच्या वेळी वेळ नाही म्हणून कीपर रडतो, शूटआउटला मात्र प्रत्येक सेकंद कीपरच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे चांगला कीपर पुढे धावत येतो, पण पडत नाही, उभा राहतो, अटॅकरला बाजूला, गोलच्या तिरक्या कोपऱ्याकडे ढकलतो आणि तिला पहिली चाल करायला लावतो. जो आधी पडला तो हरला. आणि वहीमुळे काय होतं तर चार पर्यायांतले दोन आधीच खोडलेले असतात, निवड कमी म्हणजे मेंदूचा वेळही कमी. बाकी अंगावर जाऊन पाडलंत आणि अंपायरला ते मुद्दाम वाटलं तर पेनल्टी स्ट्रोक, ६.४० मीटरवरून, कीपरचे दोन्ही पाय रेषेवर, तिथे मग देवाचं नाव घ्या. रिओत तसा एक स्ट्रोक हेलन रिचर्डसन-वॉल्शने घातला, म्हणजे डच कीपरला हा फटका बसलाच.

या वहीवरून आपल्या लोकांचं डोकं २०२४ ला तापलं होतं, आठवत असेल. पॅरिस, ४ ऑगस्ट, क्वार्टर फायनल, भारत-ब्रिटन, अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला रेड कार्ड, आपण दहा जणांनी १-१ धरून ठेवली आणि शूटआउटला आपला कीपर श्रीजेशने जिंकून दिली, ४-२. नंतर हॉकी इंडियाने जो आक्षेप नोंदवला त्यात गोलमागून कोचिंग आणि शूटआउटच्या वेळी गोलकीपरने व्हिडिओ टॅबलेट वापरला हे मुद्दे होते. आता वही चालते आणि टॅबलेट नाही हे का, यावर आमच्या क्लबात बारमध्ये दोन तास वाद झाला. माझं मत, पाठ करून येणं वेगळं आणि आयत्या वेळी कॉपी करणं वेगळं, पण मी त्या दिवशी निळ्या जर्सीत बसलो होतो त्यामुळे माझं मत धरू नका.

कीपर लोकांना इथे मान मात्र आहे. इयन टेलर, ईस्ट ग्रिनस्टेड क्लबचा, १९८८ ला सोलमध्ये गोल्ड जिंकलेल्या टीमचा कीपर, त्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ब्रिटनचा झेंडा त्याच्या हातात होता.

आमच्या बाईसाहेब आता कायमच्या कीपर झाल्यात, जुनी कीपर पोरगी खुशीत फॉरवर्ड खेळते. कारमधला वास गेलेला नाही. परवा तिच्या दप्तरात गणिताच्या वहीचं मागचं पान दिसलं, क्लबातल्या सगळ्या पोरींची नावं ओळीने लिहिलेली, पुढे शेरे. एक ‘डावीकडे वळते’, एक ‘आधी बघते मग मारते’, एकीपुढे नुसतं ‘रडते’. सगळ्यात खाली, वेगळ्या पेनने: ‘बाबा – नेहमी उजवीकडे.’