अलाइनमेंट अडकलं? फोन करण्याआधी एवढं पाहा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दांडिया बाजार, बडोदे

मशिन आम्ही बसवून दिलेलं असो वा दुसऱ्या कुणी, डीएनए सिक्वेन्स जुळवणारं, म्हणजे अलाइनमेंट करणारं, सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या अनेक कोरवर चालवताना तक्रारी ठरलेल्याच येतात. बऱ्याच तुमच्या तुम्हालाच सोडवता येतील.

आधी खोट कुठे आहे ते ठरवा. जोडीच्या दोन्ही फास्टक्यू फाइलींतून (यात मशिनने वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे रीड्स असतात) पहिल्या ४,००० ओळी, म्हणजे १,००० रीड्स, वेगळ्या काढा आणि तेच काम एका थ्रेडवर, म्हणजे कामाची वाटणी न करता, चालवा. तिथेही बंद पडलं तर कोरना बोल लावू नका, दोष फाइलचा किंवा कमांडचा आहे. जोडीच्या फाइली वेगवेगळ्या ट्रिम केल्या (रीड्सची टोकं छाटली) की एकीतले काही रीड्स गळतात, क्रम चुकतो आणि बीडब्ल्यूए हा जुळणीचा प्रोग्राम नावं जुळत नसल्याचं सांगून थांबतो. सिक्वेन्सची फास्टा फाइल विंडोजवर उघडून सेव्ह केली असेल तर ओळींची टोकं तपासा. एकच नाव दोन सिक्वेन्सना दिलंय का, तेही बघा.

काम मध्येच 'किल्ड' म्हणून संपलं, किंवा एक्झिट कोड १३७ आला, तर बहुधा मेमरी संपल्यामुळे लिनक्सनेच ते मारलेलं असतं. इथे लोक लगेच रॅमचं कोटेशन मागतात. रॅम विकणं हा आमचा धंदा आहे, तरी सांगतो, थांबा. बीडब्ल्यूए मेमचे (ही बीडब्ल्यूएची रीड्स जुळवणारी कमांड) सगळे थ्रेड एकच इंडेक्स, म्हणजे संदर्भ सिक्वेन्सची शोधसूची, वाटून घेतात, त्यामुळे थ्रेड दुप्पट केले म्हणून मेमरी दुप्पट लागत नाही. निकाल क्रमाने लावायला पुढे जोडलेल्या सॅमटूल्स सॉर्टचं मात्र उलटं आहे. तिथे दिलेली मेमरीची मर्यादा दर थ्रेडची असते. १६ थ्रेड आणि ४ जीबी लिहिलंत की झाले ६४ जीबी. तो आकडा आधी कमी करून पाहा.

एमपीआयवाल्यांची, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या अनेक प्रतींत काम वाटणाऱ्यांची, गोष्ट वेगळी. आठही कोर शंभर टक्के व्यस्त, पण वेळ एका कोरइतकाच, आणि आउटपुट विस्कटलेलं? मग प्रोग्राम एमपीआयशिवाय कंपाइल झालेला असेल, किंवा कंपाइल ओपन एमपीआयवर आणि चालवताना एमपीआयरन (प्रती सुरू करणारी कमांड) एमपीआयसीएच या दुसऱ्या एमपीआयचा, असा घोळ असेल. आठ प्रती सुट्या चालतात, प्रत्येक जण पूर्ण काम करतो आणि एकमेकांच्या फाइलीवर लिहितो. लॉगमध्ये 'रँक ०, एकूण १' (रँक म्हणजे प्रतीचा क्रमांक) असं आठ वेळा दिसलं की समजा हेच.

कोर वाढवूनही वेग वाढत नसेल तर काम कुठे अडतंय ते शोधा. पंगतीला वाढपी वाढवले तरी भात शिजवणारा एकच असेल तर पानं रिकामीच राहतात. जीझिपने दाबलेली फाइल उलगडणं बहुधा एकाच थ्रेडवर होतं, आणि कोर कितीही असले तरी डिस्क आपल्याच वेगाने वाचते. मल्टिपल अलाइनमेंटमध्ये, म्हणजे अनेक सिक्वेन्स एकत्र जुळवताना, १,००० सिक्वेन्सच्या ४,९९,५०० जोड्या होतात; त्या कोरमध्ये छान वाटता येतात. नंतरची जुळणी गाइड ट्रीच्या (कोणता सिक्वेन्स कुणाच्या जवळचा ते दाखवणाऱ्या झाडाच्या) क्रमाने होते, तिथे वरच्या फांदीला खालच्यांसाठी थांबावंच लागतं. आणि मे महिन्यात रात्री एसी बंद करून जाऊ नका; तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

थ्रेड बदलले की निकाल थोडा बदलतो, ही शंका खरी आहे. बीडब्ल्यूए मेम रीड्सचा गठ्ठा थ्रेडच्या संख्येनुसार ठरवतं आणि जोडीतल्या दोन रीड्समधल्या अंतराचा अंदाज दर गठ्ठ्यामागे नव्याने काढतं. कॅपिटल 'के' पर्यायाने गठ्ठा पक्का करा, उदाहरणार्थ १० कोटी बेस (डीएनएची अक्षरं). प्रबंधात किंवा रिपोर्टमध्ये आकडे जाणार असतील तर हे आम्ही सक्तीचं मानतो.

तरीही नाही सुटलं, तर पूर्ण कमांड, फाइलींचे आकार आणि पहिल्या वेळचा लॉग पाठवा. लॉग पुसून पुन्हा चालवू नका. १४ आणि १५ जानेवारीला ऑफिस बंद असतं. उत्तरायणात फोन लागेल, पण वारा चांगला असेल तर उचलला जाईलच असं नाही.