मुरुड आणि मुरुड: खोली बुक करण्याआधी जिल्हा बघा

कोकणात समुद्रकाठी दोन मुरुड आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, जंजिऱ्याचं मुरुड. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, हर्णैला लागून. दोन्हीकडे लांबलचक पुळण, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समोर पाण्यात किल्ला. त्यामुळे फोटोवरून काही कळत नाही. सरळ रेषेत दोघांत साठेक किलोमीटर, पण मध्ये खाड्या असल्यामुळे गाडीने चार-पाच तास सहज जातात. संध्याकाळी चुकीच्या मुरुडात पोचलात तर तो दिवस गेलाच, शिवाय भरलेले पैसेही.

ओळखायची खूण सोपी आहे. पत्त्यातला पिनकोड बघा: ४०२ने सुरू होत असेल तर रायगड, ४१५ने असेल तर दापोलीचं. (४१३ दिसला तर ते लातूरजवळचं मुरुड, तिथे समुद्र नाही.) पिनकोड दिलेला नसेल तर घरमालकांना फोन करून विचारा, ‘जवळचं स्टेशन कुठलं?’ रोहा म्हणाले तर जंजिऱ्याचं, खेड म्हणाले तर दापोलीचं. एसटीने जाणाऱ्यांनीही नुसतं ‘मुरुड’ मागू नये. अलिबागवरून जायचं की दापोलीवरून, ते आधी ठरवावं.

जंजिऱ्याच्या मुरुडला मुंबईकरांसाठी वाट सोपी आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरायचं आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत खाली यायचं. एका मुक्कामात हे बसतं. पण किल्ल्याबाबत इथे आणखी एक घोटाळा होतो. मुरुडच्या पुळणीवरून समोर जो किल्ला दिसतो तो जंजिरा नव्हे. तो पद्मदुर्ग, सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला. जंजिऱ्याच्या होड्या चार-पाच किलोमीटर दक्षिणेला राजपुरीच्या धक्क्यावरून सुटतात. होड्या शिडाच्या, म्हणजे वेळ वाऱ्यावर आणि रांगेवर. किल्ल्यात साधारण पाऊण तास मिळतो. शनिवार-रविवारी पहिल्या फेऱ्यांतच जा, शुक्रवारी दुपारच्या नमाजामुळे वेळ बदलते, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या. दरवाज्याशी होडी लाटेवर वरखाली होते. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पायरीवर पाय टाकायचा, खाली जाताना नाही. हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच ठेवा.

दापोलीचं मुरुड हे खेडेगाव आहे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. इथे बघण्यापेक्षा राहायला यावं, निदान दोन रात्री. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर आम्ही हेच सुचवू. घरगुती खाणावळीत जेवण सांगावं लागतं. दुपारचं सकाळी, आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री, कारण नारळ खवण्यापासून सगळं घरातच होतं. मासे घ्यायचे तर हर्णै बंदरावरचा लिलाव आहे, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दिवसांत ताज्या पापलेटाची आशा धरू नका. पावसाळ्यात दोन्हीकडे किल्ल्याच्या होड्याही बंद.

इथला किल्ला सुवर्णदुर्ग. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तो आहे, जंजिरा नाही. जंजिऱ्यासारखी ठरलेली फेरी धरून इथे येऊ नका. हर्णैला होडी ठरवावी लागते आणि उतरताना गुडघाभर पाणी लागू शकतं. भरती-ओहोटी बघितल्याशिवाय निघू नका.

त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्यापाऊण तासाची चूक धरून चाला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. दुपारी बाराच्या आसपास पाणी पार वर चढतं, पण सकाळ-संध्याकाळ पुळण चांगली रुंद सापडते.

दापोलीच्या मुरुडात आणि शेजारच्या कर्द्यात गाडी थेट पुळणीवर नेण्याचा मोह होतो. ओहोटीची ओली वाळू फरशीसारखी घट्ट वाटते. गाडी उभी केली की येणारी प्रत्येक लाट टायरखालची थोडी वाळू घेऊन परत जाते आणि चाक खाली बसतं. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की ते जागच्या जागी फिरून खड्डा खणतं आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. वर भरती चढत असते. खारं पाणी आत गेलं की वायरिंगची वाट लागते. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे, पक्क्या रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

दोन्ही मुरुड बघायची असतील तर हायवेला जाऊ नका, किनारा धरा. आगरदांड्याहून दिघीला गाडी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, पार होते. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी जेटी, आणि केळशी, आंजर्ले, हर्णै करत मुरुड. अख्खा दिवस हाताशी ठेवा, सकाळी लवकर निघा आणि दोन्ही जेट्यांच्या शेवटच्या फेरीची वेळ निघण्याआधी विचारून घ्या. बागमांडल्याची शेवटची फेरी चुकली तर रात्र हरिहरेश्वरला काढावी लागेल.