पोराचा ताप, लाल डोळे आणि कावासाकी आजार

पावसाळ्यात गोव्यात फोंडा-डिचोलीकडे पोरांना ताप आला की घरात आधी डेंग्यूची धास्ती. सोबत डोळे लाल दिसले तर ‘डोळे आलेत’ म्हणून फार्मसीतून थेंब आणले जातात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पाच दिवस ताप हटत नाही, दोन्ही डोळे लाल आहेत आणि चिपडं मात्र धरत नाहीत, तर कावासाकी आजाराची शंका घ्यायलाच हवी. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा हा आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्यांना होतो.

टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात डॉ. टोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांचा असा पहिला मुलगा पाहिला. ताप, पुरळ, फुटलेले ओठ, मानेत गाठ आणि लाल पण कोरडे डोळे. निदान होईना. त्यांनी हट्टाने नोंदी ठेवल्या आणि १९६७ मध्ये ५० मुलांची माहिती छापली. आजार आपोआप बरा होतो, असं तेव्हा वाटलं होतं. १९७० च्या जपानमधल्या देशव्यापी पाहणीत मृत्यू समोर आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येत होते.

तिथून सगळं लक्ष हृदयाकडे वळलं, आणि ते योग्यच होतं. उपचार न मिळालेल्या चारपाच मुलांमागे एकाला हा धोका असतो. १९८० च्या दशकात शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) देणं सुरू झालं आणि तो बराच घटला. मात्रा किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला २० ग्रॅम. तीही तापाच्या पहिल्या दहा दिवसांत. औषध महाग आहे, म्हणून निदान लवकर होणं फार मोलाचं.

डोळ्यांचा बारकाईने अभ्यास झाला तोही याच दशकात. लाली पांढऱ्या भागावर पसरते, बुबुळालगतची कड मात्र पांढरीच राहते. दुखणं फारसं नसतं. पहिल्या आठवड्यात स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिलं तर पुष्कळ मुलांमध्ये बुबुळापुढच्या पाण्यात उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारख्या पेशी तरंगताना दिसतात. ही आतली सूज. नुसत्या डोळ्यांनी ती कळत नाही. बहुधा काही आठवड्यांत ती खूण न ठेवता जाते. दृष्टिपटलाला रक्त कमी पडणं किंवा नेत्रनाडीला सूज येणं अगदी क्वचित. म्हणजे कावासाकीत डोळ्यांचं मोल दृष्टीच्या धोक्यापेक्षा निदानासाठी जास्त आहे, असं मला वाटतं.

२०२० मध्ये कोविडनंतर मुलांमध्ये दिसलेल्या अशाच आजारातही लाल डोळे होते, त्यामुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला. त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. कावासाकी वारले.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) बालरोग आणि नेत्ररोग दोन्ही विभाग आहेत. तिथे जाताना ताप कुठल्या दिवशी सुरू झाला ते लिहून न्या, मोबाइलवर डोळ्यांचा फोटो काढून ठेवा. लाली ओसरली असली तरी डॉक्टरांना सांगा. सगळी लक्षणं एकाच वेळी असावी लागत नाहीत, येऊन गेलेलंही निदानात धरतात.