वृद्धाश्रमातील मधुमेह-व्यवस्थापन (मुंबई)

वृद्धाश्रमात राहणाऱ्या मधुमेही ज्येष्ठांची रक्तातली साखर, जेवण, औषधे व पाय यांची रोजची देखरेख. घरी हे काम बहुधा एकाच माणसाच्या अंगावर असते. आश्रमात ते मावशी, नर्स, स्वयंपाकघर आणि भेटीला येणारे डॉक्टर यांच्यात विभागले जाते. गोंधळ होतो तो या सांध्यांवर: नर्सने इन्सुलिन दिले, पण आजींनी भात तसाच ठेवला हे तिला कोणी सांगितले नाही.

म्हणूनच इथे वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेल्या साखरेची धास्ती जास्त. प्रकृती चांगली असलेल्या ज्येष्ठांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७ ते ७.५ टक्क्यांच्या आत ठेवतात. अनेक आजार किंवा विस्मरण असेल तर ८ पर्यंत चालते आणि अंथरुणाला खिळलेल्यांत आकड्याचा पाठलाग सोडून देतात. नातेवाइकांना हा हलगर्जीपणा वाटतो, पण तो नाही. साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तरुणाला घाम फुटतो, हात थरथरतात. म्हातारपणी तसे होईलच असे नाही. आजोबा असंबद्ध बोलतात, चिडतात, रात्री संडासाच्या वाटेवर पडतात आणि सगळे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी, शरीरात रेंगाळणारी गोळी या वयात टाळतात, ती याच भीतीने.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. व्होग्लिबोज (पोटात साखरेचे विघटन लांबवणारी गोळी) चालू असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही. ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन.

भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्या मिलीला ४० युनिटच्या असतात, पेनमधले बहुधा १०० चे. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवतात; मुंबईच्या मे महिन्यात वापरातली कुपीही खिडकीशी ठेवून चालत नाही.

उपवास हा वेगळाच प्रश्न. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू: साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. जे खरोखर काहीच खात नाहीत, त्यांच्या गोळ्या मात्र आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून कमी कराव्या लागतात. तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तेव्हाही सकाळची शुगरची गोळी रक्त देऊन, नाश्ता समोर आल्यावरच.

पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात. संवेदना गेलेल्या पायाला जखम कळत नाही, त्यामुळे आंघोळीनंतर मावशी बेचक्या कोरड्या करतात आणि तळवे उजेडात पाहतात.