मधुमेहावरील मूलपेशी उपचार

प्रकार १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. मूलपेशींपासून (स्टेम सेल) प्रयोगशाळेत नव्या बीटा पेशी घडवून रुग्णाला देणे, हा या उपचाराचा गाभा. प्रकार २ मध्ये मुळात शरीरच इन्सुलिनला दाद देत नाही, त्यामुळे तिथे संशोधनाचा भर कमी आहे.

मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली द्वीपके (बीटा पेशींचे पुंजके) यकृतात सोडून इन्सुलिनची इंजेक्शने थांबवता येतात, हे कॅनडातील एडमंटनच्या डॉक्टरांनी २००० साली ७ रुग्णांवर दाखवले. पण एका रुग्णाला बहुधा एकाहून जास्त दात्यांची द्वीपके लागत, आणि दाते मुळातच मोजके. मूलपेशी हव्या तितक्या वाढवता येतात.

मूलपेशी भ्रूणापासून मिळतात (१९९८) किंवा प्रौढ माणसाची पेशी मागे फिरवून, म्हणजे जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने (मानवी पेशींत २००७). गर्भात स्वादुपिंड ज्या टप्प्यांनी बनते तेच टप्पे पुढे चार-पाच आठवडे भांड्यात घडवावे लागतात. आधी अ‍ॅक्टिव्हिन-ए हे प्रथिन देऊन अंतःस्तर (भ्रूणातला सर्वांत आतला पेशीथर), मग आद्य आतडे, मग रेटिनॉइक आम्लाने (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) स्वादुपिंडाची पूर्वपेशी, शेवटी बीटा पेशी. क्रम जरा चुकला की सगळे फसते. एनकेएक्स ६.१ हे जनुक जागे होण्याआधी एनजीएन-३ हे दुसरे जनुक चालू झाले, तर इन्सुलिन आणि ग्लुकागॉन (रक्तातली साखर वाढवणारे संप्रेरक) दोन्ही बनवणाऱ्या अर्धवट पेशी हाती येतात आणि त्या साखरेला जुमानत नाहीत. म्हणून कसोटी ठरलेली: २.८ मिलिमोल ग्लुकोजमध्ये पेशींनी गप्प राहायचे, १६.७ मध्ये इन्सुलिन सोडायचे. कच्च्या मूलपेशी मागे राहिल्या, तर टेराटोमा ही गाठ होण्याचा धोका असतो.

झिमिस्लेसेल या मूलपेशींपासून घडवलेल्या पेशींच्या उपचाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सुमारे ८० कोटी पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांचे इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होते. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सोबत घ्यावीच लागतात. याच चाचणीत एक रुग्ण बुरशीजन्य मेंदूज्वराने दगावला.

पेशी बनवण्यापेक्षा त्या टिकवणे आता जास्त अवघड आहे. प्रतिकारशक्तीपासून वाचवण्यासाठी त्या पिशवीत बंद करून बसवल्या, तर शरीर पिशवीभोवती तंतूंचे आवरण चढवते आणि प्राणवायूला हपापलेल्या बीटा पेशी आतच गुदमरतात. जनुके खोडून पेशींची ओळख लपवली, तर ओळखपत्र नसलेल्यांना मारणाऱ्या एनके पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धावून येतात. त्यांना आवरण्यासाठी सीडी-४७ हे प्रथिन वाढवून पाहिले जाते. रुग्णाच्याच पेशी वापरल्या तर? चीनमधल्या एका तरुणीचे इन्सुलिन अशा पेशींमुळे सुमारे ७५ दिवसांत सुटले (अहवाल २०२४). पण यकृत-प्रत्यारोपणामुळे ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होती. त्यामुळे औषधांविना मूळचा हल्ला परतला असता का, हे या एका उदाहरणावरून सांगता येत नाही.

काही दवाखाने ‘स्टेम सेल इंजेक्शन’ विकतात, त्यात बहुधा चरबीतल्या किंवा नाळेतल्या मेसेन्कायमल पेशी असतात. त्या बीटा पेशी बनत नाहीत. पारख करायला सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) पुरते: बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते, म्हणून उपचाराआधी शून्याजवळ असलेले सी-पेप्टाइड जेवणानंतर वाढू लागले तरच पेशी काम करताहेत असे धरावे.