पानगळ थंडीमुळे? उष्ण कटिबंधात नाही

‘थंडी पडली की झाडं पानं टाकतात’ हे समशीतोष्ण प्रदेशापुरतं ठीक. उष्ण कटिबंधातल्या शुष्क पानझडी जंगलात मुख्य कारण पाण्याचा ताण. मातीतली ओल घटते, हवा कोरडी होते आणि पानांतून उडणारं पाणी मुळांना भरून काढता येत नाही. मग झाड पानातलं बरंचसं नत्र, स्फुरद परत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा विलग होणारा थर सुटतो. म्हणूनच गळलेल्या पानाच्या देठाचं टोक फाटलेलं नसतं, साफ असतं.

पण ‘पाणी घाला, पानगळ थांबेल’ हेही सरसकट खरं नाही. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५ कोरडे हंगाम जंगलाला पाणी दिलं, तरी बहुतेक जातींनी नेहमीच्याच वेळी पानं टाकली. ॲमेझॉनच्या सदाहरित जंगलात तर बऱ्याच ठिकाणी कोरड्या, लख्ख उन्हाच्या महिन्यांतच जुनी पानं गळून नवी फुटतात.