ओरेस्टीसचा हात धरणार कोण?

सूडाच्या ग्रीक नाटकांबद्दल बोलताना लोक बहुतेक खुनांवरच अडकतात, मला मात्र कायम एकच प्रश्न पडतो, हे थांबवायचं कुणी? ग्रीक नाटककार एस्किलसने इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सला डायोनिसस देवाच्या उत्सवात 'ओरेस्तेया'ची तीन नाटकं केली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. घराण्याची कथा आधीच अंगावर येणारी, आगमेम्नॉनच्या बापाने सख्ख्या भावाला त्याच्याच पोरांचं मांस जेवायला वाढलेलं, पुढे आगमेम्नॉनने ट्रॉयला जायला वारा सुटावा म्हणून पोटच्या पोरीचा, इफिजिनियाचा बळी दिला, त्यामुळे युद्ध जिंकून तो घरी आला तेव्हा बायकोने, क्लायटेम्नेस्ट्राने, त्याला अंघोळीच्या वेळी कापडात जाळ्यासारखं गुंडाळून मारलं, आणि आता बापाचा सूड घ्यायचा तर मुलाला, ओरेस्टीसला, आईच मारावी लागणार.

दुसऱ्या नाटकातली ती जागा बघा. आई छाती उघडी करते, इथंच दूध प्यायलास म्हणते, ओरेस्टीसचा हात थबकतो, तो मित्राला विचारतो, पिलाडीस, काय करू? इतका वेळ नुसता गप्प उभा असलेला पिलाडीस अख्ख्या नाटकात फक्त तीन ओळी बोलतो, अपोलोची आज्ञा आठवून देतो, बस्स. आई मरते.

तिसऱ्यात सूडदेवता पोराच्या मागे लागतात, अथीना अरिओपॅगसच्या टेकडीवर कोर्ट बसवते, मतं समसमान पडतात आणि तिच्या मताने तो सुटतो. हे नुसतं पुराण नव्हतं हां, तीन-चार वर्षांपूर्वीच एफिआल्टीस या अथेन्सच्या पुढाऱ्याने त्याच टेकडीवर बसणाऱ्या अरिओपॅगस सभेचे बरेचसे अधिकार काढले होते आणि त्याचा खूनही झाला होता, म्हणजे प्रेक्षकांसाठी रक्त ताजंच होतं.

सोफोक्लीस आणि युरिपिडीस दोघांनी ओरेस्टीसच्या बहिणीवर, इलेक्ट्रावर नाटकं लिहिली, युरिपिडीसकडे तर आईला मारल्या मारल्या बहीणभाऊ पार कोसळतात.

आधुनिक रंगभूमीवर बरेचदा कोर्ट गळूनच पडतं. अमेरिकन नाटककार यूजीन ओ'नीलने १९३१ मध्ये हीच गोष्ट अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या एका घरात नेली, शेवटी मुलगी खिडक्या ठोकून बंद करायला लावते आणि स्वतःला आत कोंडून घेते. फ्रेंच लेखक सार्त्रने १९४३ ला जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ओरेस्टीस उभा केला. १९९० पासून दिग्दर्शिका आरियान म्नूश्किनने पॅरिसमध्येच 'ओरेस्तेया' केलं तेव्हा त्याच्या आधी इफिजिनियाचं नाटक जोडलं, म्हणजे प्रेक्षक आधी पोरीचं मरण बघतो आणि मगच आईला जोखतो, शिवाय त्या वेशभूषेत आणि नाचात आपल्या कथकलीची छाप होती.

पण मला सगळ्यात हलवून टाकतं ते याएल फार्बरचं याच कथेवरचं दक्षिण आफ्रिकेतलं नाटक 'मोलोरा', म्हणजे राख. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार ऐकून घेणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या, १९९६ ला सुरू झालेल्या सुनावणीसारखी समोरासमोर दोन टेबलं, एकीकडे आई, दुसरीकडे लेक, आई लेकीचा छळ कसा केला ते करून दाखवते. इथं ओरेस्टीस स्वतःच मागे फिरतो, मग इलेक्ट्रा कुऱ्हाड घेऊन आईवर धावते, आणि खोसा भाषेत गाणाऱ्या कोरसमधल्या बायका उठतात आणि तिला घट्ट धरून ठेवतात.